सालखाऊ अळीची कुळकथा

लाकूड पोखरणारा किडा म्हटला की मराठी साहित्याच्या वाचकाला आधी भ्रमर आठवतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाच्या मोहाची गोष्ट सांगताना तो दृष्टान्त येतो. लाकूड भेदणारा हा जीव कमळाच्या कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. कमळाचा भाग कविसंकेताचा आहे, तो कवींकडेच राहू द्यावा. लाकडाचा भाग मात्र नेमका आहे. आपल्या वाशांना, बांबूंना, जुन्या दारांच्या चौकटींना गोल भोके पाडणारा तो काळा, निळसर झाक असलेला सुतारभुंगा कोरडे लाकूडच निवडतो, आणि ज्ञानदेवांनी लाकडाचा कोरडेपणा आवर्जून नोंदवला आहे. हा भुंगा लाकूड खात नाही. मादी आत बोगदा कोरते, परागकण आणि मध यांचा गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते आणि खोली बंद करते. त्याला लाकूड हवे असते ते फक्त घरासाठी.

जिवंत झाड पोखरणाऱ्यांना मात्र असा कवी मिळाला नाही. आपल्याकडे ‘पोखरणे’ हे क्रियापद संस्था, कुटुंबे आणि राज्यकारभार यांच्यासाठी इतके वापरले जाते, की ते मुळात एका अळीचे काम आहे हे विसरायला होते. या लेखात त्यांपैकी एका अळीची हकिकत मांडायची आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या संत्र्याच्या बागांत ती पिढ्यान्पिढ्या आहे. तिच्याविषयी कृषी पुस्तिकांत चार ओळी असतात आणि त्या बहुतेक वेळा ‘कसे मारावे’ एवढ्यापुरत्याच असतात. ती कोण, कुठल्या कुळातली, झाडाशी तिचा व्यवहार नेमका कसला, हे कळल्याशिवाय मारण्याची रीतही नीट कळत नाही, असे माझे मत आहे.

बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन मुलूख आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा ही घाटावरची गावे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही पूर्णेच्या खोऱ्यातली, घाटाखालची. आणखी उत्तरेला, थेट सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके आहेत. पूर्णेकाठचा बराच पट्टा खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचे पाणी खारट, आणि संत्र्याला खारे पाणी चालत नाही. डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या आणि गाळाच्या पायथ्याच्या जमिनीत मात्र पाणी मुरते आणि गोड राहते. म्हणून तिथे संत्रा. त्या बागांमधून फिरताना फळांकडे न पाहता खोडाकडे, विशेषतः जिथे मोठी फांदी खोडाला फुटते त्या बेचक्याकडे, पाहायची सवय लावली की एक गोष्ट दिसू लागते. सालीवरून एक तपकिरी, नागमोडी पट्टी गेलेली असते. लांबून ती वाळवीचे मातीचे घर वाटते. बोट लावले की कळते, ही माती नाही. भुसा, सालीचे बारीक तुकडे आणि अळीची विष्ठा हे सगळे रेशमाच्या धाग्यांनी विणून केलेला तो पडदा असतो. पडदा अलगद उचलला तर खाली साल खरवडलेली, ओली, लालसर. आणि पट्टीच्या एका टोकाला, बहुधा बेचक्यातच, पेन्सिल जाईल एवढे भोक.

तेच अळीचे घर. पट्टी म्हणजे घरापासून ताटापर्यंतचा छप्पर घातलेला रस्ता.

कृषी खात्याच्या भाषेत हिचे नाव ‘साल खाणारी अळी’. बागवान तिला नुसते ‘खोडकिडा’ही म्हणतात, पण खोडकिडा हा शब्द ज्वारीपासून उसापर्यंत इतक्या किड्यांना लावला जातो की त्यातून काहीच कळत नाही. शास्त्रीय नाव इंडरबेला क्वाड्रिनोटाटा. यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘चार खुणांची’. पहिल्याची कथा थोडी गमतीची आहे. या गटाला आधी ‘आर्बेला’ हे नाव दिले गेले होते. पण प्राणिशास्त्रात एकच नाव दोघांना चालत नाही, आणि आर्बेला हे नाव ढेकणाच्या दूरच्या नात्यातल्या एका शिकारी कीटकाने आधीच अडवून ठेवलेले निघाले. तेव्हा बिहारमधल्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत इम्पीरियल एन्टमॉलॉजिस्ट असलेल्या थॉमस बेनब्रिग फ्लेचर यांनी १९२२मध्ये त्याच नावाला पुढे ‘इंड’ जोडून टाकले. म्हणजे हिंदुस्थानची आर्बेला. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘इंडरबेला’ हा शब्द आज सहज रुळला आहे, त्यात आपल्याच देशाचे नाव आहे हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते फ्रान्सिस वॉकर यांनी, १८५६ साली. वॉकर ब्रिटिश म्युझियमसाठी काम करत. जगभरातून पेट्यांमधून येणाऱ्या हजारो वाळक्या कीटकांची ते भराभर वर्णने लिहीत आणि नावे देत. त्यांच्या कामाचा वेग एवढा होता की एकाच जातीला त्यांनी अनेकदा वेगवेगळी नावे दिली, आणि ती निस्तरण्यात पुढच्या संशोधकांची हयात गेली. १८७४मध्ये ते वारले तेव्हा एका मृत्युलेखात त्यांच्या कामाने कीटकशास्त्राचे नुकसानच झाले अशा अर्थाचे फार कडवट उद्गार निघाले होते. योगायोग असा, की २०१९च्या जूनमध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून त्याच वर्षाच्या डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, आणि त्याला लोकांनी नाव दिले ‘वॉकर’. वाघाच्या गळ्यात पट्टा होता, त्याची रोजची चाल उपग्रह सांगत होता, वर्तमानपत्रे छापत होती. दुसऱ्या वॉकरने नाव दिलेला पतंग याच जिल्ह्यात शेकडो बागांत राहतो आणि बाग उभी वाळेपर्यंत त्याची बातमी होत नाही.

आता कूळ. झाड पोखरणाऱ्या पतंगांच्या जगात सर्वांत देखणे घराणे म्हणजे पारदर्शक पंखांच्या पतंगांचे, शास्त्रीय नावाने सेसीइडी. जगभरात त्यांच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत. पतंगाच्या पंखावर जी भुकटी असते, म्हणजे खवले असतात, ते यांच्या पंखांच्या मोठ्या भागावर नसतातच किंवा पहिल्याच उड्डाणात झडून जातात. मग पंख काचेसारखे दिसतात. अंगावर पिवळे-काळे पट्टे. दिवसा, भर उन्हात उडतात. पाहणाऱ्याला वाटते गांधीलमाशी. नांगी नसलेल्या प्राण्याने नांगीवाल्याचे सोंग घेऊन पक्ष्यांना फसवायचे, हा तो प्रकार. युरोपातला त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधी पॉप्लरच्या झाडांच्या बुंध्यात वाढतो. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘मधमाशीच्या आकाराचा’ असा आहे, प्रत्यक्षात तो हुबेहूब मोठ्या गांधीलमाशीसारखा दिसतो. अमेरिकेत पीचच्या बागांना याच घराण्यातल्या एका अळीने जेरीस आणले. थॉमस से यांनी १८२३मध्ये तिचे वर्णन करताना दिलेल्या नावाचा अर्थच ‘नाश करणारी’ असा आहे. आपल्याकडे याच घराण्यातली एक जात पडवळाच्या वेलात शिरते आणि वेलीला गाठ आणते. हॅम्पसन यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. १८९२च्या पहिल्या खंडात या घराण्याची नोंद आहे.

आपली इंडरबेला या काचपंखी घराण्यातली नाही. ती आहे त्यांच्या शेजारच्या वाड्यातली, ज्या वाड्यात खोडात राहणारे ‘सुतार पतंग’ म्हणजे कॉसिडी कुळ राहते. रूप अगदी साधे. साडेतीन-चार सेंटिमीटर पंखविस्तार, फिकट राखी-तपकिरी रंग, त्यावर गडद ठिपके आणि लाटांसारख्या रेघा. सालीवर बसली तर दिसत नाही. काचपंखी पतंग गांधीलमाशीचे सोंग घेऊन उन्हात मिरवतो. ही सालीचेच सोंग घेते आणि रात्रीच बाहेर पडते. पण दोघांच्या संसारात एक अडचण समान आहे, आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत रंजक गोष्ट वाटते.

अडचण अशी. अळीला जबडे असतात, लाकूड कोरता येते. पतंगाला जबडे नसतात. मग लाकडाच्या आत कोश करून पतंग झालेला जीव बाहेर पडणार कसा? भुंगेऱ्यांना हा प्रश्न नाही. त्यांना मोठेपणीही बळकट जबडे असतात, ते लाकूड कुरतडून स्वतःच दार पाडतात. पतंगांनी वेगळी युक्ती काढली. दाराची व्यवस्था अळीच करून ठेवते. कोशाच्या पोटावर मागे वळलेल्या बारीक काट्यांच्या रांगा असतात. वेळ आली की कोश आत वळवळत, त्या काट्यांच्या आधाराने बोगद्यातून सरकत तोंडाशी येतो, अर्धा बाहेर निघतो, आणि मग फाटतो. पतंग उडून जातो. कोशाची रिकामी तपकिरी साल भोकातून डोकावत राहते. काचपंखी पतंगांतही हेच, इंडरबेलातही हेच. मे-जूनमध्ये बागेत गेलात तर अशा रिकाम्या साली भोकाच्या तोंडाशी सापडतील, आणि त्या मोजल्या की बागेतून यंदा किती पतंग निघाले याचा अंदाज येतो.

पतंगाचे आयुष्य अवघे काही दिवसांचे. त्याचे तोंड नावापुरते आहे, तो काही खात-पीत नाही. अळीने वर्षभर साठवलेल्या चरबीवर त्याने जोडीदार शोधायचा, मादीने अंडी घालायची आणि संपायचे. सगळा संसार अळीच्या जिवावर चालतो.

त्याचे वर्ष आपल्या पंचांगाला धरूनच सांगता येते. रोहिणी ते मृग या काळात पतंग निघतात. मादी सालीच्या भेगांत, सुटलेल्या सालीखाली पंधरा-वीस-पंचवीस अंड्यांचे पुंजके घालत जाते. आठ-दहा दिवसांत अंडी उबतात. पावसाळ्यात बारीक अळ्या साल खरवडू लागतात आणि थोड्या मोठ्या झाल्या की बेचक्यात भोक पाडतात. दिवाळीला अळी अर्धवट वाढलेली असते आणि जाळी स्पष्ट दिसू लागलेली असते. हिवाळाभर ती खाते. उन्हाळ्याच्या तोंडाशी पूर्ण वाढ होते; तेव्हा ती चारेक सेंटिमीटर लांब, मळकट तपकिरी, काळसर डोक्याची असते. अक्षय्यतृतीयेच्या आगेमागे कोश, तीन-चार आठवडे कोशावस्था, आणि पुन्हा रोहिणी. वर्षाला एक पिढी. नऊ-दहा महिने अळी म्हणून आणि मोजके दिवस पतंग म्हणून.

आता तिचा झाडाशी व्यवहार. इथे बहुतेकांचा समज असा असतो की अळी लाकूड खाते. तसे नाही. खोडातला बोगदा पंधरा ते पंचवीस सेंटिमीटर असतो, पण तो राहण्यासाठी. दिवसा अळी त्यात लपते. रात्री बाहेर येते, जाळीच्या छपराखालून जाते आणि साल खाते. पहाटे परत आत. म्हणजे सुतारभुंग्याप्रमाणे हिलाही लाकूड घरापुरतेच हवे आहे. फरक एवढाच की तिचे ताटही त्याच झाडावर मांडलेले आहे.

साल का? लाकडात अन्न जवळजवळ नाही. लाकूड म्हणजे मुख्यतः पेशींच्या भिंती. पचायला जड आणि प्रथिनांच्या बाबतीत दरिद्री. जे पतंग खरोखर लाकडावर वाढतात त्यांना वाढायला वर्षे लागतात. पॉप्लरमधल्या त्या काचपंखी पतंगाच्या अळीला दोन-तीन वर्षे, युरोपातल्या मोठ्या सुतार पतंगाला त्याहूनही अधिक. सालीच्या आतल्या थरात मात्र झाडाची साखर वाहते. पानांनी उन्हात तयार केलेले अन्न मुळांकडे जाते ते या थरातून, ज्याला परिकाष्ठ म्हणतात. त्याच्या आत ऊतककराचा पातळ थर, जो नवे लाकूड आणि नवी साल तयार करतो, आणि त्याच्याही आत प्रकाष्ठ, म्हणजे पाणी वर नेणारे लाकूड. इंडरबेला वर्षात मोठी होऊ शकते कारण ती झाडाच्या दाण्याच्या कोठारावर नव्हे, तर कोठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बसलेली असते. बोगदा लाकडात आणि जेवण सालीवर, ही विभागणी या हवामानात शहाणपणाची आहे. मे महिन्यात घाटाखाली पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. उघड्या सालीवर दिवसभर बसणारी अळी भाजून निघेल. ओल्या लाकडातला बोगदा हे तिचे तळघर आहे.

झाडाला काय होते हे यावरून कळते. एक-दोन अळ्यांनी मोठे झाड मरत नाही. पण साल फांदीभोवती वाटोळी खाल्ली गेली तर त्या ठिकाणी खाली जाणारे अन्न अडते. मुळे उपाशी राहू लागतात. उपाशी मुळे पाणी कमी ओढतात. पाने पिवळी, आखूड, फळ लहान, शेंडे वाळू लागतात. आणि हे लगेच होत नाही. दोन-तीन वर्षे बाग नुसती ‘उतरत’ जाते. त्यात संत्र्याच्या बागेची आपली रीत ताण देण्याची. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात आणि मृग बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला मुद्दाम उपाशी ठेवायचे, मग एकदम पाणी द्यायचे, म्हणजे ते फुलावर येते. धडधाकट झाडाला हे सोसते. ज्याच्या बेचक्यात चार अळ्या आहेत ते झाड वर्षभर ताणावरच असते, त्याला वरून आणखी एक ताण.

ही वाट हळूहळूची असल्याने दोष दुसऱ्यालाच दिला जातो. बाग उतरली की पहिला संशय डिंक्यावर जातो. डिंक्या हा बुरशीचा रोग. त्यात बुंध्याजवळ साल सडते, डिंक पाझरतो, पण जाळी नसते आणि भोक नसते. दुसरा संशय भिरुडावर. भिरूड हा लांब मिशांचा मोठा भुंगेरा, त्याची अळी आंब्यात, अंजिरात वाढते. ती बोटाएवढी जाड, पिवळट पांढरी, बिनपायांची असते आणि खरोखर लाकूड खाते; भोकातून लाकडाचा जाड भुसा खाली पडतो, पण विणलेला पडदा तिथेही नसतो. घाटावरच्या डाळिंबबागांत तिसरा प्रकार. तिथे खोडावर टाचणीच्या भोकासारखी बारीक छिद्रे दिसतात. तो तिळाएवढा भुंगेरा बोगद्यात स्वतःची बुरशी पेरतो आणि तीच खातो. झाडावर संकट येते ते बुरशीचे. या तिघांवरचे इलाज वेगवेगळे आहेत. विणलेली पट्टी ही इंडरबेलाची सही आहे, ती ओळखली की बाकीचा खर्च वाचतो. चुकीच्या औषधाची एक फेरी म्हणजे मजुरीसकट किती पैसे, हे ज्याची बाग आहे त्यालाच विचारावे.

आणि ही अळी संत्र्यापुरती नाही. पेरू, बोर, आवळा, जांभूळ, आंबा, डाळिंब, शेवगा, बाभूळ, गुलमोहर, सुरू, चंदन अशा कितीतरी झाडांवर ती सुखाने राहते. म्हणजे बागेत अळी संपवली तरी बांधावरची बोर, धुऱ्यावरची बाभूळ आणि रस्त्याकडेचा गुलमोहर यांत ती असतेच. अलीकडे सरकारी योजनांच्या आणि कंपन्यांच्या जाहिरातींच्या भरात चंदनाच्या लागवडी झाल्या. चंदनाचे सोने गाभ्यात असते, आणि तो गाभा तयार व्हायला दशके लागतात. त्या दशकांत खोडाकडे कोण पाहणार, हा प्रश्न त्या जाहिरातींत नसतो.

खरे तर सगळ्या पुस्तिका एक वाक्य हमखास सांगतात: जुन्या आणि दुर्लक्षित बागांत प्रादुर्भाव जास्त. हे वाक्य मला फार गुळगुळीत वाटते. ‘दुर्लक्षित’ म्हणजे कोणी केलेले दुर्लक्ष? सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरींचे पाणी खाली गेले, बोअर खोल गेले. मुलगा पुण्याला कंपनीत लागला. बाग ठोक्याने व्यापाऱ्याला दिली जाते. व्यापाऱ्याला यंदाच्या फळाशी मतलब, खोडाशी नाही. बागेत रोज हिंडणारा माणूस वयाने थकला. अशा बागेला ‘दुर्लक्षित’ म्हणणे म्हणजे दोष माणसाच्या आळसावर टाकणे होय. संग्रामपूर तालुक्यात एका सत्तरीच्या बागवानाने मला त्यांचे हत्यार दाखवले होते. सायकलचा जुना आरा, टोक दगडावर घासून अणकुचीदार केलेले आणि जरासे वाकवलेले. जाळी झाडून काढायची, आरा भोकात घालायचा, फिरवायचा, टोकाला ओल लागली की अळी गेली. ‘‘काका, दिवसाला किती झाडं होतात?’’ मी विचारले. ‘‘पयले शंभर व्हायची,’’ ते म्हणाले. ‘‘आता मान वर करून पायलं की चक्कर येते, सर. याले औषध नाई, याले रोज पायणारं मानूस पायजे.’’ तेवढे बोलून त्यांनी आरा टोपीत खोचला आणि मला चहाला घरी नेले.

त्यांचे म्हणणे कृषी विद्यापीठाच्या शिफारशीच्या फार जवळ जाते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९मध्ये सुरू झाले, बुलढाणा त्याच्या कार्यक्षेत्रात येतो. या अळीसाठी शेतकऱ्याला वर्षानुवर्षे जे सांगितले जाते ते थोडक्यात असे: जाळी काढून टाका, तार घालून अळी मारा, भोकात रॉकेल किंवा पेट्रोल यांत भिजवलेला कापसाचा बोळा घाला आणि तोंड चिखलाने लिंपा. म्हणजे अळी कोंडायची आणि आत वाफ भरायची. जुन्या पुस्तिकांत बोळ्यासाठी डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाचे नाव असते, आणि कित्येक बागवानांच्या तोंडी ते आजही आहे. इथे थांबून सांगितले पाहिजे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८मध्ये काढलेल्या आदेशानुसार डायक्लोरव्हॉसचा वापर ३१ डिसेंबर २०२०पासून बंद झाला आहे. ते वाफेने मारते, म्हणूनच भोकात उपयोगी पडत होते. आणि म्हणूनच बोळा करणाऱ्या माणसाच्या नाकातोंडातही जात होते. डोक्याच्या उंचीवरच्या बेचक्यात, मान वर करून, उघड्या हाताने ओला बोळा कोंबताना थेंब कुठे ओघळतो हे ज्याने पाहिले आहे त्याला ही बंदी का आली हे वेगळे सांगावे लागत नाही. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीने वीसहून अधिक माणसे गेली, ते तर सगळ्या विदर्भाच्या लक्षात आहे. बाटली मात्र घरात असते, आणि पुस्तिका दहा-पंधरा वर्षे जुनी असली तरी भिंतीच्या कोनाड्यात जपून ठेवलेली असते.

पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावण्याची रीत यासोबतच येते: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. ती मुळात बुरशीसाठी, डिंक्यासाठी. पण सालीच्या भेगा लिंपल्या गेल्या की मादीला अंडी घालायच्या जागा कमी होतात, असा तिचा दुसरा उपयोग. शहरी वाचकांना रस्त्याकडेच्या झाडांचे पांढरे-निळे बुंधे ही सजावट वाटते. बागेत त्यामागे हिशेब असतो.

अमेरिकेतल्या पीचवाल्यांनी वेगळा मार्ग धरला. १९७४मध्ये तिथल्या संशोधकांनी पीच पोखरणाऱ्या काचपंखी पतंगांच्या मादीचा गंध कोणत्या रसायनाचा आहे हे शोधून काढले. मग तो गंध कृत्रिमरीत्या तयार करून बागेत जागोजागी टांगायला सुरुवात झाली. सगळीकडेच मादीचा वास, त्यामुळे नराला खरी मादी सापडत नाही, अंडी पडत नाहीत. आपल्या कपाशीच्या शेतातले गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे याच विद्येचे. इंडरबेलासाठी शिफारशींत आजही तार आणि बोळाच आहे. ज्या किडीने एका वर्षात पीक बुडते तिच्यामागे पैसा आणि प्रयोगशाळा लागतात. जी दहा वर्षांत झाड बसवते, तिच्यामागे कोणी लागत नाही.

एक मदतनीस फुकटचा आहे. सोनपाठी सुतारपक्षी घाटाखालच्या बागांत सर्रास दिसतो. तो खोडावर टकटक करतो ती पोकळीचा आवाज ऐकण्यासाठी, आणि लांब, टोकाला काटेरी असलेली जीभ बोगद्यात घालून अळी ओढून काढतो. म्हणजे आऱ्याचेच काम. काही बागवान मात्र झाडाला भोके पाडतो म्हणून त्याला हुसकावतात. त्याला घरटे करायला वठलेली फांदी लागते, आणि स्वच्छ बागेत वठलेली फांदी ठेवत नाहीत. बांधावर एखादे वाळके झाड उभे राहू द्यावे, असे मी सुचवत असतो, ऐकणारे थोडे.

ज्यांची बाग आहे, किंवा अंगणात पेरू-शेवगा आहे, त्यांना हे दिवस सोयीचे आहेत. पाऊस उघडलेला, जाळी ताजी आणि ओलसर, अळी अजून अर्धवट वाढलेली. सकाळी जाऊन बेचकी पाहावीत. जुनी, सुकून पांढरी पडलेली जाळी आणि ताजी, लालसर जाळी यांतला फरक दोन झाडे पाहिली की कळतो. ताजी असेल तर झाडून काढावी, भोक सापडेपर्यंत. बोगदा आत शिरून खाली वळलेला असतो, म्हणून तार सरळ न घालता वाकवून खालच्या दिशेने घालावी. चिखलाने तोंड बंद केल्यावर झाडाला चुन्याची एक रेघ मारून ठेवावी, म्हणजे कोणते झाड केले ते लक्षात राहते. पंधरा दिवसांनी त्याच झाडांवरून पुन्हा एक फेरी मारावी. लिंपलेल्या चिखलाच्या कडेने ओला भुसा आणि नवा धागा दिसला, तर आतले बिऱ्हाड अजून हललेले नाही.